‘पुण्यात पीजीला (पदव्युत्तर शिक्षणाला) काहीच मिळत नाही’ असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी

माझ्या मामेबहिणीचं पुण्यात एमएला नाव लागलं, त्याच आठवड्यात मामांनी मला एक मेसेज पाठवला. खाली एवढंच लिहिलेलं : "बघ गं, खरं आहे का हे?"

हा मेसेज दर जून-जुलैत फिरतो, तुमच्याही ग्रुपवर आला असेल. त्यातलं म्हणणं असं : पुण्यात एमए-पीएचडीला मुलं पाठवणं म्हणजे पैसा पाण्यात. विद्यापीठ फी घेतं आणि पदवी देतं, मधली वर्षं ज्याची त्याने काढायची. शिष्यवृत्ती, फेलोशिप सगळी वशिल्याची. ग्रंथालयाची आता गरजच नाही, सगळं मोबाईलवर आहे. समुपदेशकाकडे गेलं की शिक्का बसतो. गाईडविरुद्ध, म्हणजे संशोधनाच्या मार्गदर्शकाविरुद्ध, तोंड उघडलं की पीएचडी संपली, आणि मुलीचं लग्न झालं तरी संपलीच. वसतिगृह तर मिळतच नाही.

मी २०१८ साली बीड जिल्ह्यातून पुण्यात एमएला आले. पुढे पीएचडीही इथेच केली. तेव्हा या मेसेजला उत्तर देणं मला माझंच काम वाटतं.

पैशांपासून सुरू करते, कारण घरी सगळ्यात आधी तोच प्रश्न निघतो. मी आले तेव्हा हा मेसेज नव्हता, पण त्यातलं वाक्य होतं. "पीजीला काही मिळत नसतं," असं मला गावाकडच्याच एका सीनियरने सांगितलं आणि मी मान्य करून टाकलं. वर्षभर कॉटबेसिसवर, म्हणजे चारचौघींच्या खोलीत एका खाटेचं भाडं देऊन राहिले, रात्रीचं जेवण टाळून मेसचं एकाच वेळचं कूपन घेतलं. दुसऱ्या वर्षी विभागातल्या एका क्लार्क काकांनी माझं जातप्रमाणपत्र बघून विचारलं, "स्वाधार भरलं नाहीस का?" मी हे नावसुद्धा ऐकलं नव्हतं. भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना ही अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या, बाहेरगावाहून आलेल्या विद्यार्थ्याला पुण्यासारख्या शहरात तिच्यातून वर्षाला ६० हजार रुपये मिळतात : भोजनाचे ३२ हजार, निवासाचे २० हजार आणि निर्वाहाचे ८ हजार. घरच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. माझं घर या सगळ्या अटींत बसत होतं. पहिल्या वर्षाचे ते ६० हजार मला कुणी नाकारले नव्हते. मी अर्जच केला नव्हता.

मेसेजवर माझा खरा राग आहे तो यासाठीच. ज्या घरात आधी कुणी शिकलेलं असतं तिथल्या मुलाला असल्या वाक्याने काही फरक पडत नाही, त्याला काका सांगतो, आत्या सांगते. ज्याच्या घरात सांगणारं कुणी नसतं, तोच यावर विश्वास ठेवतो आणि अर्जाची तारीख निघून जाते. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे, ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ताही आहे. प्रवेश झाल्या दिवशीच विभागाच्या कार्यालयात जाऊन आपल्याला काय लागू होतं ते विचारावं. बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, जातप्रमाणपत्र आणि घरमालकाशी केलेला भाडेकरार यांची फाईल पहिल्या महिन्यातच तयार ठेवावी. कॉटबेसिसवर भाडेकरार मिळवणं हेच सगळ्यात अवघड काम असतं, म्हणून खोली ठरवतानाच मालकाशी ते बोलून घ्यावं.

आता फेलोशिप. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये आहेत, दोन वर्षांनी तिची एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) झाल्यावर ४२ हजार, शिवाय घरभाडं वेगळं. ती परीक्षेतल्या गुणांवर मिळते, तिथे कुणाच्या चिठ्ठीचं काम नाही. अनुसूचित जातींसाठीची बार्टी आणि मराठा-कुणबी समाजासाठीची सारथी या राज्य सरकारच्या दोन्ही संस्थांची मुख्य कार्यालयं पुण्यातच आहेत, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठीच्या महाज्योतीचं नागपूरला, आणि तिघीही पीएचडीला फेलोशिप देतात. जागा मोजक्या असतात, नियम बदलतात, पैसे उशिरा येतात हे मात्र खरं आहे. बार्टीच्या फेलोशिपसाठी संशोधक विद्यार्थ्यांना मुंबईच्या आझाद मैदानात आंदोलनाला बसावं लागलं होतं. पण ‘उशीर होतो’ ही तक्रार वेगळी आणि ‘वशिला लागतो’ हा आरोप वेगळा. पहिल्यावर भांडता येतं. दुसरं ऐकून माणूस अर्जच करत नाही.

विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाची कमवा व शिका योजनाही आहे. तीत घर चालत नाही, पण मेसचा बराच भार उचलला जातो.

"ग्रंथालयाची गरज नाही, सगळं मोबाईलवर आहे." हे वाक्य लिहिणाऱ्याने संशोधन जवळून पाहिलेलं नसावं. मोबाईलवर जे असतं त्यातलं कामाचं बरंचसं पैसे भरल्याशिवाय उघडत नाही, आणि ते पैसे तुमच्या वतीने भरले जातात ते ग्रंथालयातून. १ जानेवारी २०२५ पासून केंद्राची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार नियतकालिकं. सरकारी विद्यापीठात शिकणाऱ्याला त्यासाठी एक रुपया द्यावा लागत नाही, लागतं ते फक्त संस्थेचं लॉगिन. देशभरातले प्रबंध ‘शोधगंगा’वर आहेत, तिथे तर लॉगिनही लागत नाही. विषय ठरवण्याआधी तिथे आठवडाभर बसलात तर पुढचं वर्ष वाचतं.

साहित्यचौर्य तपासणीचंही तेच. प्रबंध जमा करायच्या दिवसांत झेरॉक्सच्या दुकानात पैसे मोजून रिपोर्ट काढणारी मुलं मी पाहिली आहेत. ‘शोधशुद्धी’ या योजनेतून २०१९ पासून विद्यापीठांना या तपासणीचं सॉफ्टवेअर मिळालेलं आहे. ग्रंथपालांना जाऊन विचारायचं, एवढंच.

आणि मराठी, इतिहास, संस्कृत, समाजशास्त्र करणाऱ्यासाठी पुणे म्हणजे काय आहे हे मेसेजवाल्याला कळलेलंच नाही. गणेशखिंडीत विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय आहे. लॉ कॉलेज रस्त्यावर १९१७ साली स्थापन झालेली भांडारकर प्राच्यविद्या संस्था आहे, तिथे २८ हजारांच्या आसपास हस्तलिखितं आहेत. सदाशिव पेठेत १९१० पासूनचं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. गोखले संस्थेचं ग्रंथालय आहे, डेक्कन कॉलेज आहे, आणि पेशवे दप्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. यातलं किती मोबाईलवर येईल? अशा ठिकाणी जाताना विभागप्रमुखांचं पत्र सोबत असलेलं बरं. पत्राचं काम एका दिवसाचं असतं, संकोचात मात्र वर्ष जातं. माझं गेलं.

समुपदेशनाबद्दल थोडक्यातच, पण ठामपणे सांगते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २३ ने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क केला आहे. तुम्ही समुपदेशकाकडे गेलात याची नोंद गुणपत्रिकेवर होत नाही, पदवीवरही नाही. तरी भीती वाटत असेल तर पहिल्याच भेटीत सरळ विचारा, "माझं बोलणं कुणाकुणापर्यंत जातं?" जीवाला धोका असेल तर काय करतात, तेही विचारा. आणि कॅम्पसवर कुणाला दिसायचंच नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा क्रमांक आहे, फुकट आणि चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं. मी स्वतः पीएचडीच्या चौथ्या वर्षी समुपदेशकाकडे गेले होते. माझा व्हायवा (प्रबंधाची तोंडी परीक्षा) वेळेवर झाला.

गाईडचा मुद्दा सगळ्यात नाजूक. इथे मेसेज पूर्ण खोटा आहे असं मी म्हणणार नाही, कारण गाईडच्या सहीवर किती काय अवलंबून असतं हे मी जवळून पाहिलं आहे. माझ्या रूममेटच्या प्रबंधाचं एक प्रकरण अकरा महिने गाईडच्या टेबलावर पडून होतं. ती रडायची आणि पुन्हा गुड मॉर्निंगचे मेसेज पाठवायची. पण यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमावलीप्रमाणे प्रत्येक संशोधकाची एक सल्लागार समिती असते, आपण जिला आरएसी म्हणतो. तिच्यापुढे दर सेमिस्टरला काम मांडायचं असतं. रूममेटने तिथे तक्रारीचा एक शब्द काढला नाही. प्रकरण कोणत्या तारखेला दिलं, स्मरणपत्रं कधी पाठवली, एवढंच प्रगती अहवालात लिहिलं आणि ते इतिवृत्तात आलं. त्या कागदाच्या आधारावर चार महिन्यांनी तिला गाईड बदलून मिळाला. चार महिने खूप झाले, मान्य. पण तिची पीएचडी संपली नाही.

त्याहून मोठी अडचण असेल तर यूजीसीच्याच २०२३ च्या नियमांनी प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती बंधनकारक केली आहे. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, तिच्या निर्णयावर विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालांकडे अपील करता येतं. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवणं हीसुद्धा या नियमांत तक्रार धरली जाते. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे जाते, ती करायला घटनेपासून साधारण तीन महिन्यांची मुदत असते. ती मुदत मुलींना पहिल्या दिवशीच माहीत हवी. तक्रार तोंडी करू नका. लेखी द्या आणि पोच घ्या.

"लग्न झालं की संपलं" हे वाचून मला मामेबहिणीचा चेहरा दिसला. त्याच २०२२ च्या नियमावलीत पीएचडीच्या काळात महिलांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा आहे. पीएचडीची एरवीची मुदत सहा वर्षं, पुनर्नोंदणी करून आठ. महिलांना त्यावर आणखी दोन मिळू शकतात. लग्नामुळे गाव बदललं तर संशोधन दुसऱ्या संस्थेत नेण्याची तरतूदही आहे. सासरच्यांना दाखवायला त्या पानाची झेरॉक्स काढून ठेवा, हे मी गंभीरपणे सांगते.

राहिलं वसतिगृह. खोल्या मागणीपेक्षा कमीच आहेत, एका खोलीत नोंद असलेल्यांबरोबर ‘पॅरासाईट’ म्हणून राहणारी मुलं आहेत, हे सगळ्यांना माहीत आहे. या एका मुद्द्यावर मेसेज जवळजवळ बरोबर आहे. तरी प्रतीक्षायादीत नाव घालायचंच, सेमिस्टरच्या मध्ये जागा सुटतात. १९५५ साली सुरू झालेली विद्यार्थी सहाय्यक समितीही याच शहरात आहे. खेड्यातून आलेल्या गरजू मुलामुलींना ती राहायला आणि जेवायला जागा देत आली आहे.

मामांना मी एवढं सगळं फोनवर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या भाडेकराराला स्टॅम्प किती रुपयांचा लागतो?" मामेबहीण रविवारी रात्रीच्या गाडीने निघते आहे. सोमवारी सकाळी आम्ही दोघी आधी विभागात जाणार आहोत, मग ग्रंथालयाच्या कार्डाला.