मालक, स्पेलिंग सांगा

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात डिझाइनचं काम करतो मी, म्हणजे करायचं असतं ते डिझाइन, पण निम्मा दिवस जातो शोधाशोधीत. मालकांना जुनं डिझाइन आठवतं ते असं: "ते नाही का बे, मोराचं, कडेला लाल पट्टा, चादर असं कायतरी नाव होतं बघ फोल्डरला." झालं! माझ्या आधी इथं किती पोरं येऊन गेली आणि प्रत्येकाने आपापल्या मर्जीने फोल्डर केले, कुणाच्या चादरीत एक डी, कुणाच्या दोन, एकाने तर शेवटी ई आर लावून तिला पार विलायती करून टाकलंय. सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे ती इथलीच असल्याचं सरकारी मानांकन मिळालं, तिच्या स्पेलिंगला नाही मिळालं.

विंडोजच्या सर्चमध्ये टाकावं तर ती हिरवी पट्टी सरकत सरकत जाते आणि शेवटच्या बोटभर जागेत अशी रुतून बसते की कडक भाकरी-शेंगा चटणी खाऊन, हात धुऊन आलो तरी तिथंच. म्हणून एक बॅच फाइल, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमांची फाइल लिहून ठेवली, कामाची ओळ एकच. डीआयआर म्हणजे यादी दाखव, मग स्लॅश एस म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरांत शिर, स्लॅश एडी म्हणजे फाइली नकोत, फक्त फोल्डर दाखव, स्लॅश बी म्हणजे तारखाबिरखा राहू दे, नुसता पत्ता सांग. नावाच्या दोन्ही अंगाला स्टार, म्हणजे मागंपुढं काहीही असलं तरी चालतंय.

मालक खुर्ची ओढून मागं बसले. काळी खिडकी बघून त्यांना वाटलं कॉम्प्युटर गेला. "काय करायलास बे?"

स्पेलिंगचा घोळच नको म्हणून टाकलं सीएच, स्टार, डी, स्टार, आर. एकही चादर सुटायची नाही. सुटली नाहीच, पण तिच्यासोबत चंद्रभागेचे फोटो आले, चिवडा रेसिपी आली, मुलीचा ॲडमिशन फॉर्म आला.

"चिवडा हितं कशाला बे?"

"मालक, तुमच्याच पेनड्राइव्हचा बॅकअप आहे तो."

गप्प.

शेवटी सापडलं, पट्टा लाल, मोर जागेवर. "हेच बे! पण हे चादरीचं झालं. पार्टीला टॉवेलवर पाहिजे, त्याचं वेगळं फोल्डर असंल बघ."

टॉवेल! कुणी डब्ल्यूने लिहिलेला, कुणी व्हीने. टी, स्टार, एल टाकून एंटर मारलं तर हॉटेल, टोटल, पेट्रोल असं सगळं सरसर वर पळायला लागलं आणि मालक म्हणतात, "थांब थांब, ते पेट्रोलचं उघड बघू."