*#62# दाबल्यावर दिसणारा नंबर हॅकरचा नसतो

काल मावशीचा घाबराघुबरा फोन आला. सोसायटीच्या ग्रुपवरचा मेसेज वाचून तिनं *#62# दाबलं, स्क्रीनवर अनोळखी नंबर आला आणि आपला फोन हॅक झाला असं तिनं ठरवूनच टाकलं. हा मेसेज अजून किती लोकांना घाबरवणार आहे?

त्यात म्हटलंय, या कोडनं फोन टॅप होतोय का ते कळतं. साफ खोटं. *#21# आणि *#62# हे कोड फक्त कॉल फॉरवर्डिंगची, म्हणजे तुमचे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवलेत का याची, स्थिती विचारतात. 21 म्हणजे सगळे कॉल, 62 म्हणजे फोन बंद किंवा रेंजबाहेर असतानाचे. मावशीला दिसला तसा नंबर बहुतेक वेळा कंपनीच्याच मिस्ड कॉल अलर्टचा किंवा व्हॉइसमेलचा असतो.

खरा संताप पुढच्या वाक्याचा येतो: 'कॉल वळवला असेल तर करणाऱ्याला दुसराच नंबर दिसतो, म्हणून फसवणूक लगेच उघडी पडते.' अहो, नेमकं उलटं आहे! मावशीचे कॉल भामट्याकडे वळवलेले असतील, तरी मी फोन लावल्यावर माझ्या स्क्रीनवर मावशीचंच नाव राहणार. भामट्याला सहसा माझा नंबर दिसणार, कारण मोबाइल नेटवर्क मूळ कॉल करणाऱ्याचाच नंबर पुढे पाठवतं. (ऑफिसच्या अंतर्गत फोन एक्स्चेंजवरून (ईपीएबीएक्स) वळवलेल्या कॉलला कधी कधी ऑफिसचा नंबर दिसतो, तेवढं सोडा.) मावशीचा फोन वाजणारही नाही.

चोरी होते ती इथेच. कुरिअरवाला म्हणून कुणीतरी बोलतो, '*401* पुढे हा दहा आकडी नंबर लावून डायल करा.' केलं की सगळे कॉल त्याच्याकडे. मग तो तुमचं व्हॉट्सअ‍ॅप स्वतःच्या फोनवर सुरू करतो आणि त्यासाठी लागणारा पडताळणी कोड (ओटीपी) कॉलवर मागवतो. तो कॉल थेट त्याच्याच कानात! म्हणून तर दूरसंचार विभागानं 28 मार्च 2024 ला आदेश काढून 15 एप्रिलपासून कोड डायल करून होणारं कॉल फॉरवर्डिंग पुढील सूचनेपर्यंत बंद करायला कंपन्यांना सांगितलं.

##002# नं सगळं फॉरवर्डिंग रद्द होतं, हे मेसेजमधलं एकच वाक्य कोडच्या मूळ कामापुरतं खरं आहे. पण त्यानं मिस्ड कॉल अलर्टही जाऊ शकतो, आणि 'व्हायरस' वगैरे काही निघत नाही. शंका असेल तर कस्टमर केअरकडून फॉरवर्डिंग बंद करून घ्या. पैसे गेले असतील तर लगेच 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. व्हॉट्सअ‍ॅपला टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन आजच लावा, म्हणजे पडताळणी कोड चोरला तरी खातं सहजासहजी हाती लागत नाही.