गुढी, चांद आणि कपाटाची चावी

अकाउंट्सवाल्याचे हाल काय असतात ते बघायचं असेल तर २०२५ चा मार्चएंड आठवा. ३० ला रविवारी गुढीपाडवा, ३१ ला क्लोजिंग आणि ईद ३१ ला की १ ला ते चंद्र ठरवणार! तो २९ व्या रोज्याच्या संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी ईद, नाही दिसला तर ३० रोजे पूर्ण. आता तुम्ही म्हणाल तुला काय त्याचं, तू तर इंदूरचा मराठी माणूस, श्रीखंड खा आणि झोप. अहो पण आमच्या ऑफिसात व्हाउचरांच्या कपाटाची चावी आमच्या कॅशियरभाईकडे असते ना!

आई म्हणे, "कालनिर्णयात बघ की, संकष्टीला कसं मिनिटासकट छापतात." तिला सांगितलं की आई, संकष्टीचा चंद्र रात्री उगवायचा असतो, हा सूर्यामागोमाग मावळायच्या घाईत असतो, नखाएवढा, ढग आला की संपलं. "मग पंचांग कशाला काढतात," असं म्हणून ती पुऱ्या लाटायला गेली.

सूर्यास्ताला गुढी उतरवायला गच्चीवर गेलो तर खालच्या चाचींचं अख्खं घर तिथे, सगळ्यांच्या माना पश्चिमेला. मी एका हातात लोटा, खांद्यावर साडी, गळ्यात साखरेची गाठी, कडुलिंबाची पानं शर्टात, आणि चाची ओरडल्या, "भैया, डंडा हटाओ, चाँद उसी तरफ है!" मग कोणीतरी "वो रहा" केलं, सगळे हो हो म्हणाले, मला टॉवरचा लाल दिवा सोडून काही दिसलं नाही पण मीही हो म्हणालो. रात्री मेसेज आलाच. "चाँद मुबारक सर, कल छुट्टी. चाबी घर से ले लेना."

घ्या! सकाळी नमाज आटोपल्यावर गेलो, म्हटलं दारातूनच निघू. ईदच्या दिवशी दारातून कोणी चावी घेऊन गेलंय का कधी? आधी गळाभेट, मग कानामागे अत्तर, मग शीर खुर्मा, तुपात परतलेल्या शेवया, खारीक, चारोळी, वर मलईचा जाड थर, आणि आत कालचं श्रीखंड अजून जागचं हललेलं नाही. वाटी रिकामी केली की अम्मी भरणार, म्हणून अर्धी ठेवली तर "पसंद नहीं आया क्या बेटा?" चावी विचारली तर ती छोट्या भावाच्या खिशात, आणि तो सदर बाजारच्या ईदगाहवरून थेट खजरान्याला मामूंकडे ईदी वसूल करायला गेलेला. तो येईपर्यंत दहीबडे.

दुपारी ऑफिसला पोचलो. साहेब लांबूनच म्हणाले, "आज अत्तर लावून क्लोजिंग?" काय सांगणार, बोलायला तोंड उघडलं की ढेकर.

एकच दिलासा आहे. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते (२०२४ ला ११ एप्रिलला होती). म्हणजे परत ३१ मार्चच्या आसपास यायला बत्तीस-तेहेतीस वर्षं, तोवर मी कधीच रिटायर झालेला असेन, चावीचं ज्याचं तो बघून घेईल.