‘स्वाईन फ्लूची गोळी म्हणजे थोतांड’: त्या मेसेजला एका औषध दुकानदाराचं उत्तर

पावसाळा लागला की सांगली-मिरजेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरायला लागतो. त्याचं म्हणणं असं: २००९ची स्वाईन फ्लूची साथ ही औषध कंपन्यांनी उठवलेली आवई होती. त्यावरच्या टॅमिफ्लू या गोळीचा काडीचा उपयोग नाही, हे इंग्लंडच्या शास्त्रज्ञांनीच सिद्ध केलंय. ती गोळी चक्रीफुलापासून बनते, तेव्हा सरळ चक्रीफुलाचा काढा घ्या. जपानने मुलांना ती द्यायची बंद केली, कारण मुलं वेड्यासारखी वागायला लागली. आणि शेवटी, ताप आला तर चार दिवस घरीच कळ काढा, दवाखान्याची पायरी चढू नका.

मी सांगलीत औषधाचं दुकान चालवतो. हा मेसेज पार खोटा असता तर मी एवढं लिहायला बसलो नसतो. त्यातल्या काही गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत, म्हणून शिकलेली माणसंही तो पुढं ढकलतात.

आवईचं आधी. जागतिक आरोग्य संघटनेनं ११ जून २००९ला महासाथ जाहीर केली आणि ३ ऑगस्टला पुण्यात देशातला पहिला बळी गेला, चौदा वर्षांची शाळकरी मुलगी. प्रयोगशाळेत खात्री झालेले मृत्यू जगभरात साडेअठरा हजारांच्या आसपास होते. तपासणीच न झालेले धरून अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं नंतर अंदाज बांधला तो पहिल्या वर्षात दीड लाख ते पावणेसहा लाख मृत्यूंचा, आणि त्यातले ८० टक्के ६५ वर्षांखालचे. नेहमीच्या फ्लूत म्हातारी माणसं जास्त दगावतात, इथं कमावती आणि लेकुरवाळी गेली. साथ अंदाजापेक्षा सौम्य निघाली हे खरं, पण सौम्य निघणं आणि नसणं यात फरक आहे. तो विषाणू गेलाही नाही. २०१५ साली आपल्या देशात या एच१एन१नं २,९९० माणसं नेली.

आता इंग्लंडचे शास्त्रज्ञ. इथं मेसेज खऱ्याच्या सगळ्यात जवळ येतो, म्हणून जरा सविस्तर. औषधांच्या चाचण्या तपासून पाहणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या संशोधकांनी ही गोळी बनवणाऱ्या रोश कंपनीकडं टॅमिफ्लूच्या चाचण्यांची संपूर्ण कागदपत्रं मागितली. ती हाती यायला वर्षानुवर्षं भांडावं लागलं, आणि त्या भांडणात संशोधकांची बाजू शंभर टक्के योग्य होती असं माझं मत आहे. २०१४ साली त्यांचा आढावा आला. मोठ्या माणसांमध्ये लक्षणं हलकी व्हायला ७ दिवस लागायचे ते गोळीनं ६.३ दिवसांवर आले. म्हणजे सतरा तासांचा फायदा. दवाखान्यात भरती व्हायची वेळ टळते, याला भक्कम पुरावा मिळाला नाही. मळमळ, उलट्या मात्र वाढल्या. ब्रिटिश सरकारनं या गोळीच्या साठ्यावर ४२ कोटी पौंडांहून जास्त खर्च केला होता, त्यामुळं तिथं ओरड झाली ती रास्तच.

पण त्या चाचण्यांतली माणसं बघा. बहुतेक जण धडधाकट, साधा फ्लू झालेले, घरीच बरे होणारे. त्यांच्यात मृत्यू जवळपास नव्हतेच, मग गोळीनं मृत्यू टळतात का, याचं उत्तर तिथून मिळणार कसं? तो प्रश्न दुसरीकडं तपासला गेला. ३८ देशांतल्या, २००९-१०च्या साथीत दवाखान्यात भरती झालेल्या २९ हजारांवर रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा पहिल्या दोन दिवसांत गोळी सुरू झालेल्यांमध्ये मृत्यूची शक्यता उशिरा सुरू झालेल्यांच्या जवळपास निम्मी दिसली. या अभ्यासाला रोश कंपनीचं अनुदान होतं आणि तो प्रत्यक्ष चाचणी नसून जुन्या नोंदींवर आधारलेला होता, हेही वाचणाऱ्याला कळलंच पाहिजे. पुरावा पोलादी नाही. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेनं या औषधाला अत्यावश्यक औषधांच्या मुख्य यादीतून पूरक यादीत टाकलं, पण ठेवलं, ते दवाखान्यातल्या अत्यवस्थ रुग्णांसाठी. धडधाकट माणसाला फारसा फायदा नाही, एवढंच इंग्लंडच्या आढाव्यानं दाखवलं. मेसेजनं त्यातला ‘धडधाकट’ उडवला आणि उरलेलं सगळ्यांना लावलं.

आपल्या आरोग्य खात्याच्या सूचनाही हेच धरून आहेत. साधा ताप, खोकला, घसादुखी असेल तर गोळी नको आणि तपासणीही नको, फक्त एक-दोन दिवसांनी पुन्हा दाखवायचं. गरोदर बाई, ६५च्या वरची माणसं, मधुमेह, दमा, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार, कॅन्सर असलेले, यांना मात्र लवकर गोळी. कंपनीची लूट म्हणावी तर हे औषध आज आपल्याकडच्या कितीतरी कंपन्या बनवतात आणि सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळतं.

चक्रीफुलाबद्दल. त्यातून शिकिमिक आम्ल काढतात आणि तो या औषधाचा कच्चा माल आहे, हे बरोबर. पण त्या आम्लावर एकामागून एक रासायनिक प्रक्रिया होतात तेव्हा कुठं ऑसेल्टामिविर, म्हणजे टॅमिफ्लूतलं औषध, तयार होतं. ते विषाणूच्या न्यूरामिनिडेज नावाच्या विकराला अडवतं. हे विकर अडलं की पेशीत तयार झालेले नवे विषाणू सुटून पुढच्या पेशींत पसरू शकत नाहीत. शिकिमिक आम्ल हे काम करत नाही. आपल्या साखर कारखान्यांत मळीपासून स्पिरिट होतं, म्हणून ऊस चघळून जखमेवर थुंकलं तर जखम स्वच्छ होईल का? काढा घशाला बरा वाटत असेल तर जरूर घ्या, गोळीच्या जागी घेऊ नका.

जपानचं लवकर उरकतो. २००७ साली तिथल्या सरकारनं १० ते १९ वयाच्या मुलांना हे औषध देऊ नका असं सांगितलं होतं, खरंय. पुढं दिसलं की फ्लूच्या तापात मुलं अशी भ्रमिष्टासारखी वागतात ती दुसरं औषध घेतलं तरी आणि काहीच घेतलं नाही तरी. २०१८ला जपाननं ती बंदी उठवली. मेसेज २००७लाच थांबलाय.

उरलं ते ‘चार दिवस कळ काढा’. मला राग आहे तो या वाक्याचा. ही गोळी शेड्यूल एच१मध्ये येते, त्यामुळं चिठ्ठीशिवाय देता येत नाही आणि प्रत्येक विक्री वेगळ्या रजिस्टरात लिहावी लागते: डॉक्टर, रुग्ण, औषध, नग. मी शेजारी चिठ्ठीची तारीखही टाकतो. ती आणि विक्रीची तारीख पुष्कळदा जुळत नाही. चिठ्ठी सोमवारची, गोळी बुधवारी. गेल्या पावसाळ्यात तासगावकडचा एक तरुण आला, बायकोला सातवा महिना, चिठ्ठी दोन दिवस खिशातच. त्यानं मोबाईल पुढं केला आणि विचारलं, “दादा, ह्यात असं लिवलंय, मग पोटातल्या बाळाला चालती का ही गोळी?” मी त्याच्यासमोर डॉक्टरांना फोन लावला आणि त्याच्याच हातात दिला. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, “अजून सुरू नाही केली?” गरोदरपणात औषधापेक्षा फ्लूचा धोका मोठा असतो, २००९नं हे दाखवून दिलंय. औषध विषाणूची वाढ थांबवतं, झालेलं नुकसान भरून काढत नाही. म्हणून पहिल्या ४८ तासांना एवढी किंमत. त्यानंतरही अत्यवस्थ रुग्णाला ते देतात, पण हातची वेळ गेलेली असते.

धाप लागणं, छातीत दुखणं, थुंकीतून रक्त, नखं निळी पडणं, गुंगी, लहान मुलानं खाणंपिणं सोडणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी थेट दवाखाना गाठा. सांगलीचं सिव्हिल आहे, मिरजेचं शासकीय रुग्णालय आहे, साताऱ्याकडच्यांना तिथलं जिल्हा रुग्णालय आहे.

आणि मेसेज वाचून उलट घाबरलेले काही जण “एक पाकीट घरात असू दे” म्हणून चिठ्ठीशिवाय मागायला येतात. त्यांना मी देत नाही. मुलांचा डोस वजनावर ठरतो, मूत्रपिंड अधू असेल तर मोठ्यांचाही कमी करावा लागतो, आणि ते पाकिटावर लिहिलेलं नसतं.