नांगरलेली जमीन

१९३० च्या दशकात जपानमधले साधे शेतकरी मांचुरियात, म्हणजे जपानने बळकावलेल्या ईशान्य चीनमध्ये, का गेले, हा विषय निघाला की एक उत्तर तयार असतं: सरकारने फसवलं. मला ते अपुरं वाटतं. त्या माणसांना हिशेब चांगला कळत होता.

जपानमधला नागानो प्रांत घ्या. डोंगराळ मुलूख, बांधावर तुती, घरात रेशमाचे किडे. माल खपायचा अमेरिकेत. १९२९ ची मंदी आली, रेशमाचा भाव कोसळला आणि घरोघरी कर्ज झालं. जमीन जेमतेम दोन-अडीच एकर, तीही थोरल्याच्या नावावर. धाकट्याने जायचं कुठे? अमेरिकेने १९२४ मध्येच दार लावून घेतलं होतं, १९३४ मध्ये ब्राझीलनेही वाट अरुंद केली. अशात कोणी मांचुरियात २५ एकर देतो म्हणालं तर? शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही त्या आकड्याची ओढ कळेल. १९३६ मध्ये सरकारने २० वर्षांत १० लाख कुटुंबं पाठवायचं ठरवलं. गावाने माणसं पाठवली की गावाला अनुदान. सगळ्यात जास्त माणसं नागानोनेच पाठवली.

पण तिथे उतरल्यावर? पडीक रान मोडायचं म्हणून गेलेल्या कित्येकांना मिळाली ती नांगरलेली शेतं आणि राहती घरं, चिनी आणि कोरियन कुटुंबांकडून कवडीमोलाने घेतलेली. काही ठिकाणी जुना मालकच मजूर म्हणून राबत होता. शेतकऱ्याला दुसऱ्याने कसलेली जमीन ओळखू येत नाही, हे मी मानणार नाही. गरिबीने ते घरातून निघाले, हे शंभर टक्के पटतं. तिथे गप्प राहिले, ते मात्र गरिबीच्या खात्यावर टाकवत नाही.

कारण बघणाऱ्याला दिसलं होतं. नागानोतल्या ओशिमोजो गावचे प्रमुख सासाकी तादात्सुना १९३८ मध्ये पाहणीला गेले, आपली माणसं चिनी लोकांशी कशी वागतात ते बघून आले, आणि दबाव असूनही त्यांनी गावातली माणसं पाठवली नाहीत. त्याच भागातल्या कावानो गावच्या प्रमुखाने मात्र पाठवली.

ऑगस्ट १९४५ मध्ये सोव्हिएत फौजा घुसल्या. जपानी सैन्य या लोकांना मागे टाकून आधीच सरकलं होतं. सुमारे २ लाख ७० हजारांपैकी ८० हजारांच्या आसपास माणसं मेली. कावानोच्या ७० हून अधिक जणांनी, त्यात बहुतेक बायका-मुलं, एकत्र जीव दिला. जुलै १९४६ मध्ये इकडे गावात त्या प्रमुखाने स्वतःला संपवलं.