पुढच्या रविवारी माह्या घरी कोणी येऊ नका

बस झालं बाप्पा. यूएफसीची फाइट, म्हंजे पिंजऱ्यातली लाथाबुक्क्याइची झुंज, बऱ्याचदा लास वेगासले शनिवारी रात्री रायते, म्हंजे आपल्या इकडं रविवारी सकाळी, अन् तोंड धुवाच्या आधी माह्या दारात बारा जण हजर. हातात पोह्याचा पुडाही नाई, तर्री मात्र सगळ्याइले पायजे, वरून "वहिनी, आज पातळ झाली". काऊन बे, हॉटेल हाय का हे?

अन् प्रश्न! "खाली पडला तरी हानूनच रायला?" अबे कुस्ती नोय ते, पाठ टेकून हारत नाई कोणी, टॅप (हातानं थापटून हार मानणं), नॉकआउट नाई तं पंचाइचा निकाल लागते, किती वेळा सांगू? काका तं अजूनही चितपटच मोजतेत.

टायटलची फाइट पाच राउंडची, पाच-पाच मिनिटं, तेवढंही बुड टेकत नाई याइचं, एकाले ढोरं सोडाची तं एकाले खर्रा थुकाचा. मॅकग्रेगरनं २०१५ मधी अल्डोले १३ सेकंदात झोपवलं, तुमचा खर्रा तरी घोटून होते का तेवढ्यात? मंग नॉकआउट हुकला का "मागं घे ना जरा". डेटा माह्या मोबाइलचा!

या रविवारी चौथ्या राउंडले डीपी उडाली, तं सगळे माह्याकडं असे पाहून रायले जसा फेज म्याच पळवला. अन् जातानी विचारतेत, "पुढची कधी हाय बे?"