आत शेफ जीव तोडतोय, बाहेर कुणाचा पायपोस कुणात नाही

जेवण वाईट असतं ना, तर मी एक अक्षर लिहिलं नसतं. पैसे भरायचे, परत त्या दारात पाऊल ठेवायचं नाही, विषय संपला. तिडीक जाते ती जेवण अफलातून असतं तेव्हा. आत कुणीतरी जीव ओतून रांधतंय आणि बाहेर वाढणारे त्याची माती करतायत, हे टेबलावर बसून मुकाट बघायचं, वर त्याचे भरभक्कम पैसेही आपणच मोजायचे!

सूप आलं. पहिल्याच चमच्याला आमची बडबड थांबली, इतकं सुरेख. म्हणजे तिघांची थांबली. चौथीकडे चमचाच नव्हता. आता मागा चमचा! एक जण समोरून गेला, नजर थेट छताला. दुसरा ‘शुअर मॅम’ म्हणाला आणि जो गेला तो गेलाच. तिसऱ्याला अक्षरशः वाट अडवून थांबवलं, तर म्हणे, ‘हे माझं टेबल नाहीये.’ अरे बाबा, मग कुणाचं आहे ते तरी सांग! मी चमचा मागतेय, तुझी किडनी नाही.

ग्राहकाच्या डोळ्याला डोळा न भिडवता हॉल पार करायचं काही खास ट्रेनिंग देतात का हो यांना? हातातल्या टॅबकडे बघत चालायचं, नाहीतर भिंतीकडे. पण घास तोंडात गेला रे गेला की बरोब्बर हजर: ‘एव्हरीथिंग ओके मॅम?’ भरल्या तोंडाने काय सांगू? मान हलवायची. की हे समाधानाने अंतर्धान पावले. पाणी मात्र दर दोन घोटांनी भरणार, तेही दोघांच्या बोलण्याच्या मधून हात घालून. आणि एकीचं खाणं चालू असताना बाकीच्यांच्या प्लेटा उचलायची घाई एवढी, की जी बिचारी सावकाश जेवते तिला उगाच अपराधी वाटावं.

खरा जळफळाट पुढे आहे. किचन उघडं होतं, मधे फक्त काच, आणि माझी खुर्ची नेमकी पासच्या समोर. पास म्हणजे तो कट्टा, जिथे तयार प्लेटा ठेवतात आणि तिथून वाढपी उचलतात. आमच्या प्लेटा तिथे आल्या. शेफने फडक्याने प्लेटची कड पुसली, चिमट्याने वर एक पान ठेवलं, मान तिरकी करून बघितलं, पान जरासं सरकवलं आणि घंटी वाजवली. कुणी आलं नाही. पुन्हा घंटी. दोघं वाढपी काउंटरपाशी टॅबवर काहीतरी शोधत उभे. प्लेटांवरची वाफ हळूहळू थांबली, सॉसवर साय धरायला लागली, आणि तो माणूस दोन्ही हात कट्ट्यावर टेकून नुसता हॉलकडे बघत राहिला. त्याचा चेहरा बघून मलाच कसंतरी झालं. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय!

शेवटी आल्या प्लेटा. दोन! उरलेल्या दोघींच्या मागाहून. मग सभ्य माणसं काय करतात? थांबतात. म्हणजे ज्यांचं आलंय त्यांचंही गार. खरपूस भाजलेली वरची कड स्वतःच्याच आतल्या वाफेने मऊ पडली. गरम राहावं म्हणून लावलेल्या दिव्याखाली ठेवून काही होत नाही, वरून वाळतं एवढंच. आणि गार झालेल्या पदार्थाचा वास उठत नाही. वास गेला की अर्धी चव गेली. एवढी साधी गोष्ट शेफला कळते म्हणून तो प्लेटसुद्धा गरम करून घेतो. बाहेरच्यांना कोण सांगणार?

गंमत म्हणजे एकामागून एक पदार्थ आणून वाढायची ही जी पद्धत मिरवतात ना, ती आलीच मुळी अन्न गरम पोचावं म्हणून. आधी युरोपातल्या बड्या मेजवान्यांत सगळं एकदम टेबलावर मांडायचे, दिसायला थाटाचं आणि तोंडात घालेपर्यंत गार. एकोणिसाव्या शतकात तिथे रशियन पद्धत रुळली: किचनमधून निघालेला पदार्थ थेट खाणाऱ्यापुढे. म्हणजे वाढणाऱ्याच्या चपळाईवरच सगळा डोलारा. ती चपळाई काढून घेतलीत तर उरलं काय? तेच गार जेवण, फक्त हप्त्याहप्त्याने.

आता जे झालं ते मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. आमच्यातल्या एकीला शेंगदाणे-बदाम वगैरे सगळ्याची ॲलर्जी. बुकिंग करताना सांगितलं, ऑर्डर देताना पुन्हा सांगितलं, त्याने मान डोलावून टॅबवर टिचक्याही मारल्या. डेझर्ट आलं तर वर बदामाचे काप पसरलेले! विचारलं तर म्हणतो, ‘मॅम, वरचे काढून टाका ना.’ काढून टाका? ॲलर्जी असलेल्या माणसाला बदामाचा नुसता अंश पोटात गेला तरी दवाखाना गाठावा लागू शकतो, आणि हा मला चिमटीने काप वेचायला सांगतोय! बरं, सॉसमध्ये काय आहे विचारलं तर ‘शेफची सिक्रेट रेसिपी आहे.’ ज्याला वाढायला पाठवलंय त्याने तो पदार्थ कधी चाखलेला नाही, त्यात काय पडतं हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

आणि म्हणूनच त्या पोरावर ओरडून उपयोग नाही. राग आहे तो मालकावर. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एस्कॉफिए या फ्रेंच शेफने किचनमध्ये कामाची वाटणी लावून दिली, सॉसवाला वेगळा, भाजणारा वेगळा, वर एक हुकूम देणारा. ती आजही मोठ्या किचनांत चालते. काचेच्या आत ती शिस्त दिसते. काचेच्या बाहेर काय? जो मोकळा दिसेल तो, आणि मोकळा कुणीच नाही. हॉलमध्ये टेबलं कोंबायची, माणसं मात्र मोजून मापून. झुंबराला पैसा आहे, जाड कागदाच्या मेन्यूला आहे, वाढणाऱ्याला चार दिवस शिकवायला नाही.

यावर लोकांचं उत्तर ठरलेलं. ‘जेवायला गेली होतीस की मानपान करून घ्यायला?’ मानपान नकोच आहे मला! खुर्ची मी माझी ओढून घेते, नॅपकिन माझा मी पसरते. मला शिजलेलं अन्न गरम असताना हवंय, सोबत चमचा हवाय आणि मैत्रीण धडधाकट घरी यायला हवीय. ही चैन आहे का?

मॅनेजरचं उत्तर याहून भारी. ‘पण मॅम, फूड आवडलं ना?’ आवडलं म्हणूनच भांडतेय ना! ते रेस्टॉरंटांच्या फ्रेंच गाइडचे मिशलिनवाले १९२६ पासून तारे देतायत आणि ते तारे फक्त ताटातल्या पदार्थाचे, सेवा त्यात धरत नाही असं ते स्वतःच सांगतात. तो त्यांचा नियम, त्यांना लखलाभ. इथे तर बिलात सेवेची वेगळी ओळ छापलीय, टक्क्यांसकट. जी दिलीच नाही तिचे टक्के?

ते बिलही मागून मागून थकलो तेव्हा आलं. कार्ड मशीनला लागलं मात्र, अचानक चार जण प्लेटा उचलायला धावले, कारण पुढचं बुकिंग दारात उभं. इतका वेळ कुठे होती ही पलटण?

निघताना हातात अभिप्रायाचा टॅब. जेवण, वातावरण, सेवा, प्रत्येकाला तारे द्या. आणि ज्याने टॅब आणला तोच पोरगा डोक्यावर उभा, दमलेला, घामेजलेला, सकाळपासून बहुतेक बसलाही नसेल. मी कमी तारे दिले तर बोलणी कोण खाणार हे मला दिसत होतं. सेवेचा रकाना कोरा सोडला आणि खाली मालकासाठी काही लिहायची जागा आहे का ते शोधलं. नव्हती. म्हणून इथे लिहितेय.